ताप वर गेला, रिपोर्ट खाली आलाच नाही

परवा शनिवारी पालीला मावशीकडे गेलो होतो. बीडपासून जवळच, बिंदुसरा धरणापाशी. गप्पांत २००६ निघालं. त्या वर्षी चिकुनगुनियाने अर्धी गल्ली भिंत धरून चालत होती, मावशीसकट. देशभरात तेव्हा सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. आणि हा पाहुणा काही नवा नव्हता बरं का! १९७३ मध्ये बार्शीत त्याची साथ येऊन गेली होती. मग तीसेक वर्षं गायब, आणि आपण विसरलो.

आमच्या धंद्यात सर्व्हर पडायच्या आधी अलर्ट वाजावा लागतो. कस्टमरच्या फोनवरून कळलं तर ते मॉनिटरिंग नव्हे, पंचनामा.

हे जमतं, असं नाही की जमत नाही. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला तापाचे रुग्ण वाढले. नमुने पुण्याच्या एनआयव्हीकडे गेले, मग त्यांची टीमच त्या भागात आली. तिने घेतलेल्या ४१ नमुन्यांत २५ चिकुनगुनियाचे, ३ डेंग्यूचे आणि १ झिकाचा निघाला. राज्यातला पहिला झिका! सुरुवात काय, तर 'ताप जरा जास्तच दिसतोय' हे कुणाला तरी वेळेवर खटकलं.

म्हणून मला वाटतं, घोडं अ‍ॅपवर अडलेलं नाही. आशाताई घरोघर फिरतात, आकडे वर जातात. खाली काय येतं? मावशीच्या शेजारच्या पोराचं रक्त गेल्या पावसाळ्यात नेलं. रिपोर्टचं काय झालं, त्याला आजही माहीत नाही. पुढच्या तापाला तो कशाला दंड पुढे करेल? तिथेच आपला सेन्सर बंद पडला.

दुसरं म्हणजे पाणी. एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नळ पंधरा दिवसांनी येत असेल, तर 'आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा' म्हणणं ही चेष्टा झाली. दुष्काळी भागात पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक हेच डासांचंही वेळापत्रक असतं. फवारणीचा धूर फोटोत छान दिसतो, एवढंच.

असो. मावशीने रांजणाला जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधलंय. तिच्या वाटचं काम ती करतेय. त्या पोराचा रिपोर्ट परत पाठवायचं काम कुणाचं, मंडळी?