बोटीवरचं दुकान आणि पगाराची स्लिप

घरात कोणी बोटीवर असेल, तर ‘स्लॉप चेस्ट’ हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. मालवाहू जहाजावरचं हे छोटंसं दुकान. सिगारेटची कार्टन, कोल्ड्रिंकचे कॅन, चॉकलेट, चिप्स, कप नूडल्स, साबण, टूथपेस्ट. रोख द्यावी लागत नाही; नोंद होते आणि पगारातून कापलं जातं.

पद्धत जुनी आहे. 19व्या शतकात व्हेल मारणाऱ्या अमेरिकी जहाजांवर खलाशाला कपडे आणि तंबाखू असेच उधारीवर, चढ्या भावाने मिळत. सफर संपली की त्याच्या वाट्यातून वजा. पुढे 1884 मध्ये अमेरिकेने व्यापारी जहाजांवरच्या या विक्रीचा नफा घाऊक किमतीच्या 10 टक्क्यांवर बांधला.

आज माझी तक्रार उलटी आहे: माल फार स्वस्त आहे! सिगारेट करमुक्त. रात्री बारा ते चारचा वॉच, घरची आठवण, आणि हाताशी हेच दुकान. जेवण आणि पिण्याचं पाणी आंतरराष्ट्रीय करारानुसार (एमएलसी, 2006) मोफतच असतं. म्हणजे या दुकानात भूक भागवायला फारसं कोणी जात नाही.

म्हणून सुट्टीवर आलेल्या खलाशाला मी “किती ओढता?” एवढंच विचारून थांबत नाही, पगाराची स्लिप मागतो. एका कार्टनमध्ये 200 सिगारेटी. महिन्याला तीन कार्टन स्वतःसाठी, म्हणजे रोज 20. तोंडी उत्तर मात्र “कधीतरी एखादी” असं असतं! कोल्ड्रिंकच्या 330 मिलीच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर. तेही गुणून बघा.

हा हिशेब मी का करतो? भर समुद्रात छातीत दुखलं तर कॅप्टन रेडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेईल, पण अँजिओप्लास्टी तिथे होणार नाही. बंदर कित्येकदा काही दिवसांच्या अंतरावर असतं. मेडिकल सर्टिफिकेट दोन वर्षांपर्यंत चालतं. तेवढ्या काळात बीपी, शुगर कुठल्या कुठे जाते.

कंपन्यांनी या दुकानात फुटाणे, शेंगदाणे, निकोटीन गम ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. यादी शेवटी कोणीतरी माणूसच करतो ना! तोवर तुम्ही पुढच्या जॉइनिंगआधी स्लिप घेऊन डॉक्टरांकडे या. सिगारेट सोडायची तयारी असेल, तर निकोटीन गम प्रिस्क्रिप्शनसह बॅगेत न्या.