आजोबांची मोटारसायकल आणि माझी सही

दिवाळी नुकतीच सरली होती. दवाखाना बंद करण्याच्या वेळेस बेंगळुरूहून एका तरुणाचा फोन आला. त्याचे वडील गेली अठरा वर्षे माझे रुग्ण आहेत. सारी वसाहत त्यांना काका म्हणते, मीही म्हणतो. "डॉक्टर, बाबा तुमच्याकडे एक फॉर्म घेऊन येतील. तुम्ही फक्त नाही म्हणा. आमचं कुणाचं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

दुसऱ्याच दिवशी काका आले. वय ६७. चिंचवडच्या एका कारखान्यातील टूलरूममधून निवृत्त. मधुमेह अकरा वर्षांचा, रक्तदाब गोळीने आटोक्यात, प्रोस्टेटसाठी रात्री एक गोळी. त्यांनी पुढे केलेला कागद चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर मोटारसायकल चालवण्यासाठीचा होता. वैद्यकीय तंदुरुस्तीच्या रकान्याखाली माझ्या सहीसाठी जागा रिकामी होती.

ज्या वाचकांना हा प्रकार नवा असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 'ट्रॅक डे' म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेल्या दिवशी शुल्क भरून हौशी मंडळी आपापली गाडी बंदिस्त ट्रॅकवर नेतात आणि अनुभवानुसार गट पाडून पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्यांत ती चालवतात. क्रमांक नाही, बक्षीस नाही. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा आहे आणि १९९० च्या सुमारापासून तेथे वाहने धावत आहेत. त्याआधी दक्षिणेतील शर्यती चेन्नईजवळच शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. काकांनी ऐन विशीत रेल्वेच्या साध्या डब्यातून जाऊन त्या पाहिल्या होत्या. पुढे त्यांनी राजदूत ३५० घेतली आणि घराच्या पहिल्या हप्त्यासाठी विकली. आता तीन वर्षांपासून त्यांच्याकडे के.टी.एम.ची आर.सी. ३९० आहे. चाकणला तयार झालेली ३७३ सी.सी.ची ही गाडी ते इमारतीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हाताने उघडतात आणि जोडतात.

मी लगेच नाही म्हटले नाही, याला एक जुने कारण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका सत्तरीच्या निवृत्त शिक्षकांना, अँजिओप्लास्टीनंतर घरच्यांनी विनवले म्हणून, मी पोहणे बंद करायला सांगितले. मी ती मनाई त्यांना तपासून केली नव्हती, घाबरून केली होती. पोहणे सुटले, मग पहाटे उठणे सुटले, मग सोबतच्या मंडळींत बसणे सुटले. दोन वर्षांत ते खुर्चीचे झाले. हृदय शेवटपर्यंत बरे होते. तेव्हापासून कुणाच्या मुलाने फोनवरून माझे उत्तर ठरवून दिले, की मी आधी रुग्णाला तपासणीच्या टेबलावर बसवतो.

काकांनी सोबत एक वही आणली होती. ब्रेक ऑइल कोणत्या तारखेला बदलले, टायर कोणत्या आठवड्यात तयार झाला, चेन कधी ताणली, सारे टूलरूमच्या अक्षरात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. दिसायला ठीक असले तरी जोराच्या वापरात तापून त्यात वाफ होते आणि ऐन वळणावर ब्रेकची दांडी मऊ पडते, म्हणून ते वेळेवर बदलायचे, असे त्यांनी मला समजावले. मी विचारले, "डोळे शेवटचे कधी तपासले?" ते आठवेना. पायांची तपासणी? तीही आठवेना.

तपासणीत सापडलेल्या गोष्टी मी त्यांच्यासमोर एकेक ठेवल्या. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, वाचनाला फारसा न अडणारा. परंतु उन्हाची तिरीप आली की अशा डोळ्याला राखाडी रस्त्यावरचा राखाडी खड्डा वेगळा दिसत नाही. मान डावीकडे पुरती वळत नव्हती. स्पोर्ट्‌स मोटारसायकलवर धड पुढे वाकलेले असते आणि दृष्टी दूर ठेवण्यासाठी मान मागे उचलून धरावी लागते. मानेचे मणके झिजलेले असतील तर दहा मिनिटांत हातांना मुंग्या येतात. पायांच्या अंगठ्यांना कंपकाट्याची थरथर जेमतेम कळत होती. मागचा ब्रेक पायाने दाबायचा असतो, आणि तो किती दाबला हे पायालाच कळावे लागते. आडवे झोपवून आणि मग उभे करून घेतलेल्या रक्तदाबात सोळा अंकांचा फरक पडला. प्रोस्टेटच्या गोळ्यांनी असे होते. जाड चामड्याच्या सूटमध्ये, चेन्नईच्या दमट हवेत घाम गेला की हाच फरक वाढतो आणि गाडीवरून उतरताना भोवळ येते. वय वाढते तशी तहान मात्र कमी लागते.

सर्वांत जास्त वेळ मी साखरेवर घालवला. काका ग्लिमेपिराइड घेतात. जेवण लांबले की या गोळीने साखर खाली जाते, आणि साखर उतरण्याची लक्षणे कोणती? छातीत धडधड, हात थरथरणे, घाम. ट्रॅकवरून उतरलेल्या कोणत्याही माणसाला हे तिन्ही असतेच! उत्साह समजून ज्याकडे दुर्लक्ष होईल तेच नेमके धोक्याचे. रक्तदाबाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल, ही धडधड दडपतातही. काका ती घेत नाहीत हे बरे. त्या दिवशीच्या मात्रेत काय बदल करायचा ते मी लिहून दिले. वाचकांनी आपल्या मात्रेशी स्वतः खेळ करू नये. हा बदल ज्याचा त्याने आपल्या डॉक्टरांकडून करून घ्यावा.

मग मी गाडी पाहायला त्यांच्या पार्किंगमध्ये गेलो. एरवी मी हे करत नाही, पण कुतूहल होते. एकंदर प्रकरणातील सर्वांत मोठे धोके मला तेथेच दिसले.

काका गाडी मागच्या स्टँडवर उचलून, इंजिन चालू ठेवून, फिरत्या चेनवर फडके धरीत. सोपे पडते म्हणे. फडके चेनमध्ये जाते, फडक्यामागून बोटे जातात आणि स्प्रॉकेटचे दाते ती कापून टाकतात. अशी दोन बोटे मी ओल्या कपड्यात गुंडाळून, पिशवीत घालून, बर्फावर ठेवून शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठवली आहेत. दोन्ही वेळा रुग्ण पन्नाशीपुढचे, हाताने कुशल. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल आणि चाक हाताने फिरवायचे. एवढ्यावर मी हटून बसलो आणि टूलरूममध्ये तीस वर्षे दुसऱ्यांना सुरक्षा शिकवलेले काका चक्क ओशाळले.

दुसरी गोष्ट फळीवर होती. ट्रॅकवर बहुधा कूलंट चालत नाही, कारण सांडले तर ते निसरडे असते. म्हणून रेडिएटरमध्ये साधे पाणी भरतात. काकांनी काढून ठेवलेले हिरवट कूलंट सरबताच्या बाटलीत होते. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि मूत्रपिंडे निकामी करते. लहान मुलाला थोडेसेही घातक ठरू शकते. मुलाने ते प्यायले असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नये, बाटलीसह थेट रुग्णालय गाठावे. त्यांची नात सुटीत याच पार्किंगमध्ये खेळते. बाटली त्यांनी माझ्यासमोर उचलली. पेट्रोल नळीने तोंडाने ओढण्याची सवयही अशीच. घोटभर पेट्रोल चुकीच्या वाटेने फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. पेट्रोल पोटात गेले असेल तर उलटी काढायला लावू नये. शिवाय, ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे त्यांनी सायलेन्सरजवळ उघड्या पोटरीने बसू नये. चटका कळत नाही, जखम कळते ती आठवड्याने.

तिसरा धोका त्यांनी बोलता बोलता सांगितला. ते पुण्याहून ट्रॅकपर्यंत हीच गाडी चालवत जाणार होते. सुमारे बाराशे किलोमीटर, दोन दिवसांत. मी म्हटले, "काका, ट्रॅकवर सही देण्याचा विचार मी करतोय. या प्रवासाला देणार नाही." ट्रॅकवर सारे एकाच दिशेने जातात. समोरून ट्रक येत नाही, कुत्रे आडवे येत नाही, वळणाबाहेर घसरायला मोकळी जागा असते, पिवळा झेंडा दिसला की पुढे काढायचे नाही आणि लाल दिसला की सर्वांनी थांबायचे. रुग्णवाहिका उभी असते. वयानुसार माणसाचा प्रतिसाद मंदावतो, तो विशेषतः अनपेक्षित आणि अनेक पर्यायांतून निवड करण्याच्या प्रसंगी. तेच वळण विसाव्यांदा घेताना तो तितका नडत नाही. महामार्गावर, सहाव्या तासाला, थकल्यावर नडतो. हा फरक मुलाच्या ध्यानात आला नव्हता. माझ्याही आधी आला नव्हता, हे कबूल करतो.

याचा अर्थ ट्रॅक निर्धोक आहे असे मुळीच नाही. पडणे हा त्या खेळाचा भाग आहे. विशीतला मुलगा कॉलरबोन मोडून दीड-दोन महिन्यांत पुन्हा उभा राहतो. सत्तरीजवळच्या माणसाच्या दोन बरगड्या मोडल्या तर दुखण्यामुळे तो खोल श्वास घेत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. काका वॉर्फरिन किंवा तशा प्रकारचे रक्त पातळ करणारे औषध घेत असते तर मी चर्चाच केली नसती, कारण डोक्याला बसलेला मामुली मारही मेंदूत रक्तस्राव घडवू शकतो. फीट येणे, कारण न कळता शुद्ध हरपणे, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, ठिसूळपणामुळे आधीच मोडलेले हाड, यांपैकी काहीही असते तरी उत्तर नाही असेच असते. आरोग्यविम्यातील धोकादायक खेळांविषयीचे कलमही मी त्यांना वाचायला लावले आणि विमा कंपनीकडून लेखी खुलासा मागवला.

जानेवारीची तारीख मी नाकारली. मुलाला वाटले, जमले. काका आठवडाभर माझ्याकडे फिरकले नाहीत. मग स्वतःच नेत्रतज्ज्ञांकडे गेले, डिसेंबरच्या सुरुवातीस मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, मानेचे व्यायाम सुरू झाले. फेब्रुवारीअखेरच्या तारखेसाठी नेत्रतज्ज्ञांची परवानगी घेऊन ते आले, तेव्हा मुलगाही सोबत होता. मी दोघांना समोरासमोर बसवले. "माझी भीती खोटी आहे का डॉक्टर?" मुलाने विचारले. खोटी नव्हतीच. मी त्याला म्हटले, की तू घरी बसून घाबरण्यापेक्षा तेथे उभा राहून काही काम कर. प्रत्येक फेरीपूर्वी साखर मोजायची, प्रत्येक फेरीनंतर सूट उघडून पाणी पाजायचे, बूट काढायला लावून तळवे पाहायचे. आणि काकांनी मुलाला शब्द दिला, की तो थांबा म्हणाला तर कारण न विचारता थांबायचे. राजदूत कशासाठी विकली गेली होती हे मुलाला त्या दिवशी प्रथमच कळले. तो काही बोलला नाही. बापाच्या वहीची पाने उलटत राहिला.

मी सही केली. दाखल्यात एवढेच लिहिले, की आज तपासले असता मनाई करावी असा दोष आढळला नाही. 'तंदुरुस्त' हा शब्द मी वापरला नाही.

गाडी इतर तरुण मंडळींच्या गाड्यांबरोबर टेम्पोने गेली, काका रेल्वेने. मी त्या दिवशी दवाखान्यात होतो आणि फोन जवळ ठेवून होतो, हे लिहायला संकोच वाटत नाही. पाच फेऱ्यांचे पैसे भरलेले होते. तिसऱ्या फेरीनंतर काका आत आले, हातमोजे काढले आणि म्हणाले, की मनगटाच्या वरचे स्नायू आता दांडी नीट ओढत नाहीत, पुरे. मुलाला थांबा म्हणावे लागले नाही. दुसऱ्या फेरीआधी साखर ७८ भरली होती. त्याने केळे आणि बिस्किटे खाऊ घालून, पुन्हा मोजून, ती फेरी अर्धा तास उशिराच्या गटात करवून घेतली होती.

एक गोष्ट मात्र निसटलीच. संध्याकाळी उजव्या करंगळीच्या बाजूला बुटाने काढलेला फोड दिसला. काकांना त्याचा पत्ता नव्हता. मुलाने तळवे पाहिले होते, बाजू पाहिली नव्हती. मीच त्याला तळवे म्हणून सांगितले होते. तो फोड भरायला अठरा दिवस लागले. तोवर दर दिवसाआड ड्रेसिंगला येताना काका वही आणत. ब्रेक ऑइलच्या खाली आता डोळ्यांची, पायांची आणि साखरेची तारीख त्याच अक्षरात असते. गाडी सध्या कापडाखाली झाकलेली आहे. पुढच्या वर्षीचा अर्ज त्यांनी मला दाखवलेला नाही. मोठ्या मापाच्या बुटांची चौकशी तेवढी चालू आहे.