३२ दात, २२ तास

एकतिसाव्या वर्षी दात सरळ करतोय म्हटल्यावर आई म्हणाली, "आता कशाला? लग्न झालंय की!" पण बॉस, ग्रुप फोटोत ओठ मिटून हसायचा जाम कंटाळा आला होता. तारा नकोत म्हणून पारदर्शक अलाइनर घेतले. चटकन दिसत नाहीत हे खरं. पण दिवसाचे २०-२२ तास घालावे लागतात. गरम चहाने ट्रे वाकतो, म्हणून ऑफिसातल्या प्रत्येक कटिंगला तो काढा, मग दात घासून पुन्हा चढवा. चारचे दोन कटिंग आपोआप झाले! एका ट्रेमागे दात सरकतो फार तर पाव मिलिमीटर. शेवटी रात्रीचा रिटेनर आहेच, नाहीतर पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा मंडळी, पैशांआधी स्वतःची चिकाटी मोजा.