हक्क परवान्याचा की श्रमाचा?

परदेशी जाऊन कामाच्या परवान्याविना राबणाऱ्या मजुराबद्दल आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. त्याने त्या देशाचा कायदा मोडला, तेव्हा फळे त्याने भोगावीत, हे एक. बिचारा फसला, त्याची दया करावी, हे दुसरे. ही मते परस्परविरोधी भासतात, पण त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही मते त्याला कामगार मानीत नाहीत. एकाच्या लेखी तो गुन्हेगार, दुसऱ्याच्या लेखी याचक. समाजवादी विचाराच्या माणसाने या प्रश्नाकडे पाहावयाचे ते त्याने केलेल्या श्रमाच्या बाजूने.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका तरुणाची हकीकत आम्ही त्याच्याच तोंडून ऐकली. शाळा नववीत सुटलेली, पण फरशी बसवण्यात हात तरबेज. मुंबईतील एका दलालाने त्याच्याकडून सव्वा लाख रुपये घेतले आणि ‘तिकडे पोचलास की आठ दिवसांत परवाना होतो’ असे सांगून साठ दिवसांच्या भेटीच्या व्हिसावर त्याला दुबईला धाडले. पैशासाठी आईचे दागिने पतपेढीत गहाण पडले. शारजात नऊजणांच्या खोलीत जागा मिळाली आणि एका उपकंत्राटदाराकडे कामही मिळाले. पहिल्या महिन्याची मजुरी हातात पडली. व्हिसाची मुदत संपली आणि मुकादमाची भाषा बदलली. चार महिन्यांची मजुरी थकल्यावर याने तगादा लावला, तेव्हा उत्तर आले, ‘पोलिसांत जा!’ जाणार कसा? तक्रार करणे म्हणजे स्वतःलाच पकडून देणे. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात संयुक्त अरब अमिरातीने मुदतबाह्य राहिलेल्यांना दंड माफ करून परतण्याची मुभा दिली, तेव्हा तो घरी आला. दंड सुटला; मजुरी बुडाली ती बुडालीच, आणि पतपेढीचे व्याज चालूच आहे.

हे एका भोळ्या मुलाचे दुर्दैव नव्हे. ही एक व्यवस्था आहे आणि तिचा प्रारंभ आपल्याच देशात होतो. १९८३ च्या परदेशगमनविषयक कायद्याने नोकरभरती करणाऱ्या दलालाला नोंदणी सक्तीची केली. त्याखालील नियमांनी उमेदवाराकडून घ्यावयाच्या शुल्काला तीस हजार रुपयांची मर्यादा घातली. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी संरक्षक अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते, अशीही तरतूद झाली. परंतु हीच व्यक्ती ‘सहलीला’ निघाली तर मंजुरीचे कारण उरत नाही. संरक्षणाचा दरवाजा पुढे, आणि दलालाची वाट मागे! मागच्या वाटेने गेलेल्या मजुराचा करारनामा, पगार, मालकाचे नाव यांपैकी काहीही कोणत्याही दप्तरी लागत नाही.

दुसरा टप्पा तिकडचा. आखाती देशांतील ‘कफाला’ पद्धतीने कामगाराचे वास्तव्य मालकाशी जखडले. कतारने २०२० साली आणि सौदी अरेबियाने २०२१ साली नोकरी बदलण्यावरचे निर्बंध सैल केले, हे मान्य केले पाहिजे. तथापि रीतसर परवाना घेऊन गेलेला कामगारसुद्धा छळाला कंटाळून मालकाकडून निघून गेला आणि मालकाने तो ‘फरारी’ झाल्याची नोंद केली, की त्याचे कागद निकामी होण्याची टांगती तलवार राहतेच. म्हणजे परवाना नसलेला मजूर नेहमी चोरवाटेनेच आलेला असतो असे नाही. कित्येकदा मालकाच्या एका अर्जाने तो निर्माण होतो.

आता अर्थशास्त्राचा साधा प्रश्न विचारू. परवाना नसलेल्या श्रमाला मागणी का असते? तो अधिक कुशल असतो म्हणून नव्हे. तो गप्प असतो म्हणून. त्याच्या भीतीला बाजारात किंमत आहे आणि ती किंमत मालकाच्या खिशात पडते. अमिरातीच्या सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये परवान्याविना कामगार ठेवणाऱ्या मालकाचा दंड वाढवून एक लाख ते दहा लाख दिरहॅम केला. कागदावर ही कडक कारवाई दिसते. परंतु या गुन्ह्याचा मुख्य साक्षीदार तो मजूरच, आणि तोंड उघडताच त्याच्यावर हद्दपारीची पाळी येऊ शकते. साक्षीदाराला शिक्षा करून गुन्हेगार सापडत नसतो.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. असे मजूर स्थानिकांची मजुरी पाडतात, मग कामगार चळवळीने त्यांची बाजू का घ्यावी? अमेरिकेतील कामगार चळवळीने हा अनुभव घेतला आहे. तेथे १९८६ च्या कायद्याने परवाना नसलेल्यास जाणूनबुजून कामावर ठेवणे बेकायदा ठरवले, आणि त्या तरतुदीला तेथील कामगार महासंघाचा पाठिंबा होता. घडले ते उलटेच. कामगार संघटना बांधू लागले, की मालकाला कागद तपासण्याची आठवण होऊ लागली. अखेर फेब्रुवारी २००० मध्ये त्या महासंघाने आपली भूमिका बदलून या तरतुदी रद्द करण्याची आणि अशा कामगारांना कायदेशीर दर्जा देण्याची मागणी केली. २००२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की संघटनेच्या कामाबद्दल बेकायदा काढून टाकलेल्या कामगारालाही, त्याच्याकडे परवाना नसल्यास, काढल्यानंतरच्या काळातील बुडालेली मजुरी मिळणार नाही. मालकाने कायदा मोडला हे सिद्ध, आणि भरपाई मात्र नाही! मजुरी पाडतो तो परवाना नसलेला मजूर नव्हे. त्याला हक्क नाकारणारा कायदा ती पाडतो.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. कोणाला प्रवेश द्यावा हे ठरवण्याचा अधिकार राष्ट्रांना असेल; केलेल्या कामाची मजुरी बुडवण्याचा अधिकार कोणालाच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७५ च्या १४३ क्रमांकाच्या ठरावाने आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या स्थलांतरित कामगारविषयक ठरावाने हे तत्त्व मान्य केले आहे. भारताने दोहोंपैकी एकावरही मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. परदेशातून येणाऱ्या पैशाचे कौतुक करणाऱ्या सरकारला याचा जाब विचारला पाहिजे. परत आलेल्या मजुराच्या थकलेल्या मजुरीचा दावा वकिलातीने चालवावा, आणि भेटीच्या व्हिसावर कामाला धाडणाऱ्या दलालाकडून ती रक्कम वसूल व्हावी, यासाठी आपण आग्रह धरला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी कायद्याची वाट पाहत बसू नये. गावातला मुलगा पैसे देण्यापूर्वी दलालाचा नोंदणी क्रमांक तपासून देणे, दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यायला लावणे, तिकडे गेल्यावर कामाची जागा, मुकादमाचे नाव आणि हजेरी रोजच्या रोज वहीत टिपून त्याची प्रत घरी पाठवायला सांगणे, ही कामे तालुक्याच्या ठिकाणी सहज होण्याजोगी आहेत. उद्या दावा उभा राहिला तर तो या वहीवर उभा राहील.

आणि एक गोष्ट स्वतःला विचारण्याची. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी आपण १९७९ साली कायदा केला. तरी २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून चालत निघालेल्या मजुरांपैकी बहुतेकांची नोंद कोठेच नव्हती. नाक्यावर उभ्या असलेल्या बिहारच्या मजुराला ‘तू कुठला? कागद दाखव’ असे दरडावणारे आपल्यातही आहेत. शारजात कोकणच्या पोरासाठी जो न्याय मागावयाचा, तो दादरच्या नाक्यावर नाकारून चालणार नाही. ज्याने घाम गाळला त्याचा दाम चुकता झाला पाहिजे, मग त्याच्या खिशात कोणताही कागद असो वा नसो.