हुकूम वरचा, बोल मात्र पोरांना

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख जण विमानातून लढले. सगळे स्वखुशीने आलेले, बहुतेक विशी-बाविशीची पोरं. त्यातले ५५,५७३ गेले. म्हणजे शंभरातले ४४. तरी लंडनमध्ये त्यांचं स्मारक झालं थेट २०१२ साली, युद्ध संपून ६७ वर्षांनी!

एवढा उशीर का? मोठं कारण ड्रेस्डेन. फेब्रुवारी १९४५ मध्ये हे जर्मन शहर जाळलं, जवळपास २५ हजार माणसं मेली. नंतर पुढाऱ्यांनी हात झटकले. पण शहरांवर बॉम्ब टाकायचं ठरवलं कुणी? वरच्यांनी.

त्या स्मारकावर बॉम्बफेकीत मेलेल्या सगळ्या देशांच्या लोकांचीही आठवण कोरलीय. हे बरं केलं. पोरांच्या धाडसाला मान द्यावा, खाली मेलेल्यांनाही विसरू नये. जाब मात्र हुकूम देणाऱ्याला विचारावा.