प्रकाशाची कसोटी

सराफी पेढीवर पूर्वी दागिना कसोटीच्या दगडावर घासला जाई आणि उमटलेल्या रेघेवरून जाणकार सराफ सोन्याचा कस सांगत असे. आता अहिल्यानगरसारख्या शहरातील ग्राहकांनाही क्ष-किरणांनी कस दाखवणारे यंत्र परिचयाचे झाले आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या निदानासाठीही अशीच एक नवी कसोटी घडत आहे. ती अवरक्त किरणांची.

विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये शोधलेले हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. पेशींतील प्रथिने, स्निग्ध पदार्थ आदींचे रेणू सतत कंप पावतात आणि आपल्या कंपनाशी जुळणारे किरण शोषून घेतात. या शोषणाचा आलेख म्हणजे वर्णपट. कर्करोगाने पेशींची रासायनिक घडण बदलते, तसा आलेखही बदलतो. आतड्याच्या कर्करोगातील हा फरक बॅसिल रिगास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केला. रूढ पद्धतीत गाठीच्या तुकड्याचे पातळ काप रंगवून तज्ज्ञ ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नव्या पद्धतीत काप रंगवावा लागत नाही. आलेखांची वर्गवारी संगणक करतो. महाराष्ट्रात खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत याच कुळातील रामन वर्णपटाचा अभ्यास तोंडाच्या कर्करोगासाठी झाला आहे.

तथापि ही पद्धत अद्याप रुग्णालयांतील नित्याची तपासणी झालेली नाही. शिवाय तपासायचा तुकडा दुर्बिणीनेच काढावा लागतो. रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचलाच नाही, तर कोणताही किरण निरुपयोगी ठरतो. शौचावाटे रक्त गेले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्महिने चूर्ण घेत राहणे, संकोचाने घरातही न बोलणे, येथेच घात होतो. शाकाहार व तंतुमय अन्न हितकारक खरे. पण ते अभेद्य कवच नव्हे. वय आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो.

रक्तस्राव, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, अकारण घटलेले वजन वा रक्तक्षय दिसल्यास त्वरित तपासणी करावी. आई-वडील वा भावंडांना हा रोग झाला असल्यास तपासणी कोणत्या वयापासून करावी, हे डॉक्टरांना विचारावे. दुर्बिणीच्या तपासणीत आढळलेले कोंब बहुधा तेव्हाच काढता येतात आणि पुढचा अनर्थ टळतो. दुकानाचा हिशेब रोज संध्याकाळी मिटवणाऱ्या घराने देहाची ही नोंद पुढच्या पानावर ढकलू नये.