इंजिनाची बोली

मराठीने आवाजांना नावे देताना मुळीच हात आखडता घेतलेला नाही. फोडणी चरचरते, दार करकरते, भांडी खणखणतात, म्हाताऱ्या माणसाची छाती घरघरते. अनुकरणवाचक शब्दांची उदाहरणे विचारली, तर मागच्या बाकावरचा मुलगाही दहा-पाच सहज सांगून जातो. पण हाच मराठी माणूस मोटार घेऊन गॅरेजात गेला, की त्याची सारी शब्दसंपत्ती आटते. ‘मिस्त्री, गाडीत कसलासा आवाज येतोय,’ एवढेच बोलून तो खिशातले पाकीट चाचपू लागतो.

आमच्याकडचे मिस्त्री अशा वेळी एकच प्रश्न विचारतात. “टकटक की ठकठक, सर? ते आधी सांगा.” त्यांनी व्याकरण पढलेले नाही, पण ट आणि ठ यांतला अल्पप्राण-महाप्राणाचा भेद इतक्या गांभीर्याने घेणारा गृहस्थ मला विद्यापीठातही भेटलेला नाही.

सकाळी गार इंजिन चालू केल्यावर वरच्या बाजूने हलकी टकटक येते आणि काही क्षणांत विरते. रात्रभरात ऑइल खाली उतरलेले असते. ते पुन्हा वर पोचेपर्यंत एवढी कुरकुर चालायचीच. ती विरली नाही, तर ऑइल कमी आहे का ते पाहावे आणि टॅपेट तपासून घ्यावेत. ठकठक मात्र इंजिनाच्या पोटातून येते. ती जड असते, दारावर मुठीने ठोठावल्यासारखी, आणि ॲक्सिलरेटर दाबताच वाढते. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजल्याची ती खूण. तशीच गाडी दामटली, तर रॉड तुटून इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडू शकतो. अशा गाडीला गॅरेजपर्यंतसुद्धा चालत जाऊ देऊ नये, ओढून न्यावी. महाप्राण ऐकू आला, की प्राणाशीच गाठ आहे असे समजावे!

तिसरा आवाज घाटातला. वरच्या गियरमध्ये रेटून चढ चढताना डब्यात काचेच्या गोट्या हलवल्यासारखी किणकिण येते. सिलिंडरमधले मिश्रण शांतपणे जळण्याऐवजी एकदम भडकते, त्याचा तो नाद. गियर खाली घेतला, की बहुधा थांबतो. पेट्रोल वाचवण्याच्या नादात पुष्कळ लोकांना हा दुसरा नाद ऐकूच येत नाही.

कानांनंतर डोळे. किल्ली फिरवली, की समोर दिव्यांची आरास लागते आणि इंजिन चालू होताच बहुतेक दिवे विझतात. त्यांतला तेलाच्या झारीसारखा दिसणारा तांबडा दिवा चालत्या गाडीत लागला, तर त्याचा अर्थ एकच: थांबा. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांना हा दिवा ऐन भाऊबीजेला, नाशिकला जाताना कसारा घाटात लागला. “पुढच्या पंपावर ऑइल घालू,” असे म्हणून ते पुढे निघाले. काही किलोमीटरमध्ये आधी ठकठक सुरू झाली आणि मग इंजिन जे जाम झाले ते झालेच. ओवाळायला थांबलेली बहीण नाशकात, आणि हे बायको, दोन मुले व वृद्ध आई यांच्यासह घाटाच्या कडेला अंधारात. बाजूने ट्रक चाललेले. माणसे सुखरूप परतली हे नशीब. इंजिन मात्र संपूर्ण उतरवावे लागले.

घोटाळा असा, की तो दिवा ऑइलच्या प्रमाणाचा नसून दाबाचा असतो. दाब गेला म्हणजे वेगाने फिरणाऱ्या भागांमधला ऑइलचा पातळ पापुद्रा गेला, आणि धातूवर धातू घासू लागला. तेव्हा पुढचा पंप कितीही जवळ असला तरी दूरच. गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. ऑइल पुरेसे असूनही दिवा जात नसेल, तर पुन्हा इंजिन चालू करू नये. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा इतका निकडीचा नसतो. स्थिर असेल, तर सवडीने पण लवकर दाखवावा. तो लुकलुकू लागला, तर गाडी ‘मिसिंग’ करते आहे, त्याच दिवशी गॅरेज गाठावे. तिथले यंत्र जोडले, की तक्रारीचा कोड दिसतो. पण गुन्हेगार मिस्त्रीलाच शोधावा लागतो, आणि बेअरिंगची ठकठक तर त्या यंत्राला बहुधा कळतच नाही.

आमच्या लहानपणी कुर्ल्याला तयार होणाऱ्या पद्मिनी गाडीतून बोरघाट चढायचा, तर डिकीत पाण्याचा डबा असायचाच. आता गाड्या सहसा उकळत नाहीत. त्यामुळे उकळल्यावर काय करू नये याचाच विसर पडला आहे. काटा तांबड्याकडे सरकू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. इंजिनाची थोडी उष्णता तो आत ओढून घेतो; घाम पुसावा आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबावे. रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असल्याने १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि ते वाफेसकट तोंडावर येते. निदान अर्धा तास जावा, झाकणाला उघडा हात लावता यावा, मगच. आणि तांबड्यात गेलेला काटा एकाएकी खाली आला, तरी आनंदून जाऊ नये. कधी कधी पाणी सगळे सांडून गेलेले असते, आणि ते मोजणारा कोरडा पडलेला असतो.

धुराचे थोडक्यात. थंडीतल्या सकाळी जराशी पांढरी वाफ येते आणि जाते. पांढरा धूर गोडसर वासासह येतच राहिला, तर सिलिंडरमध्ये कूलंट शिरते आहे. निळसर असेल, तर ऑइल जळते आहे. काळा असेल, तर इंधन जास्त किंवा हवा कमी.

सुट्टीच्या प्रवासाआधी एकदा गाडी रात्रभर उभी होती त्या फरशीकडेही पाहावे. स्वच्छ पाण्याचे थेंब एसीचे. त्यांची काळजी नको. काळपट, तेलकट डाग ऑइलचा. हिरवा किंवा गुलाबी, बुळबुळीत डाग कूलंटचा. ते चवीला गोड आणि विषारी असते, म्हणून मुलांना व मांजरांना दूर ठेवावे. पण पुसण्याची घाई करू नये. डाग नेमका कुठे पडला आहे, यावरून गळती कुठे आहे ते मिस्त्रींना कळते. रांगोळी त्यांनी पाहून गेल्यावर काढावी.